दोन तळ्यांची पंगत

नवसाबाईनं पहिल्या तळ्यातलं जाळं काठावर रिकामं केलं. एकशे बारा मेलेले मासे. दुसऱ्या तळ्यातले शुभांगीनं आधीच मोजले होते. एकशे नऊ.

गिरणाऱ्याजवळच्या या दोन शेततळ्यांवर शुभांगीचा प्रयोग चालला होता. पहिल्या तळ्याला हुलग्याचं पीठ घातलेलं खाद्य, दुसऱ्याला साधं. हुलग्यावर माशाच्या आतड्यातले चांगले जंतू पोसतात, मग रोग आला तरी मासा तगतो, हे तिनं नवसाबाईला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "माप तेवढं चुकवू नका, मावशी. अर्ध्यानं काही होत नाही."

नवसाबाईनं मान डोलावली होती. पण पाटी घेऊन काठाशी गेलं, की दुसऱ्या तळ्यातलेही मासे तोंडं वर करून यायचे. लहानपणी गावजेवणात तिच्या वस्तीची पंगत वेगळी बसायची, सगळ्यात शेवटी. उरलंसुरलं पानात पडायचं. चार दिवस तिनं कसंबसं निभावलं. पाचव्या दिवशी दोन्ही पोती ताडपत्रीवर ओतली, एकत्र कालवली आणि परत भरून ठेवली. पुढची पोतीही तशीच.

आता रोग आला होता.

"खरं सांगा मावशी, हिरव्या दोरीचं, हुलग्याचं पोतं पहिल्याच तळ्यात टाकत होतात ना?"

"त्यातच टाकलं, ताई."

शुभांगीनं वहीत दोनच शब्द लिहिले.

"काय लिहिलं?"

"फरक नाही."

"फरक नाय," नवसाबाई हळूच म्हणाली.

"पेठकडच्या पाड्यांवर लोकांनी तळी केलीत. माशांची औषधं त्यांना झेपत नाहीत. हुलगा घरचाच असतो, म्हणून हा सगळा खटाटोप." शुभांगीनं वही मिटली. "आता कळवते त्यांना, हुलग्याच्या नादी लागू नका."

नवसाबाईच्या हातातून जाळं सुटलं.

"ताई, पंगतीत..."

"काय?"

शुभांगीचे डोळे लाल झाले होते. नवसाबाईनं वाकून कुदळ उचलली.

"काय नाय. पुरायला खड्डे दोन काढू का?"

"आता कशाला दोन?" शुभांगी म्हणाली. "एकातच टाका सगळे."