फरशी किती दिवस गार राहील

"रक्कम राहू द्या. फरशी किती दिवस गार राहील, तेवढं सांगा," माल्सुन म्हणाली.

बांग मिस्त्रीने मान वर केली. वीस वर्षांत त्याने दोनेक हजार घरांत बॉयलर बसवले होते आणि कोटेशन हातात पडलं की घरमालकाची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते, हे तो जाणून होता. या बाईने शेवटच्या ओळीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

जुमुन्जिन बंदरावर त्या सकाळी अशी थंडी होती की कोळ्यांनी हासडलेल्या शिव्या हवेतच गोठत आणि दुपारी ऊन लागलं की सगळ्या एकदम ऐकू येत. माल्सुनच्या घरात काही वेगळं नव्हतं. फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवणारा जुना बॉयलर परवा पहाटे दोनदा खोकला आणि कायमचा गप्प झाला. तेव्हापासून ती नवऱ्याचा जाड कोट घालून वावरत होती. पुढून ती एवढी फुगलेली दिसे की शेजारच्या बुन्ने आजीने दारातूनच विचारलं होतं, "काय गं, साठीला दिवस गेले का?" माल्सुन हसली नव्हती.

"पाच दिवस," बांग म्हणाला. "हा पहिला पर्याय. फरशी फोडायची, गंजलेल्या नळ्या काढायच्या, नव्या घालायच्या, वर सिमेंट. ते वाळू द्यावं लागतं, काकू. पण मग तीस वर्षं बघायला नको."

"पाच दिवस नाही चालायचे."

"मग दुसरा घ्या. नळ्यांना हातच लावत नाही. भिंतीवर एक यंत्र बसवतो. हिवाळ्यात गरम हवा, उन्हाळ्यात गार. दुपारी चालू."

"आणि फरशी?"

"ती गारच राहणार. पण खोलीत ऊब येईल ना."

"हवा घेऊन काय करू मी?"

बुन्ने आजीला आता राहवेना. "मिस्त्री, हिचं डोकं ठिकाणावर नाही. हिच्या नवऱ्याची बोट माकूळ धरायला गेली, तिचा सहा दिवस पत्ता नाही. शोधायला गेलेल्या बोटी काल रिकाम्या परत आल्या. सगळं गाव धक्क्यावर उभं आहे आणि ही घरात बसून फरशीचे भाव विचारतेय. लोक काय काय बोलतात, ऐकवत नाही."

बांगने पेन खाली ठेवलं. "मला ठाऊक नव्हतं. मी इथला नाही, गांगनुंगचा." तो कागद गोळा करू लागला. "घाई नाही, काकू. मी पुढच्या आठवड्यात येऊन जातो."

माल्सुन उठली आणि दार अडवून उभी राहिली. मग तिने कोटाची बटणं सोडली. आत, लोकरीच्या मफलरने पोटाशी घट्ट बांधलेला, झाकणाचा काशाचा वाडगा होता.

बांगला काही विचारावं लागलं नाही. तो लष्करात होता तेव्हा त्याची आईही त्याच्या वाटणीचा भात असाच झाकून, फरशीवरच्या सगळ्यात गरम जागी, रजईखाली ठेवायची. घरचं माणूस बाहेर असलं की त्याचा भात गार होऊ द्यायचा नसतो.

"तेहतीस वर्षं ते समुद्रावर जातात," माल्सुन म्हणाली. "रोज दोन वेळा ताजा भात भरते, आधीचा मी खाते. एकदाही गार झाला नव्हता. परवापासून हा असा बांधलाय. पण डोळा लागला की सरकतो. आज पहाटे हात लावून बघितला तर..." तिने झाकणावर तळवा दाबून धरला. "मला ऊब नको, मिस्त्री. मी अंगणात झोपेन. एवढ्या एका वाडग्यापुरती द्या."

बुन्ने आजीने भिंतीकडे तोंड केलं आणि थंडीला शिव्या घालत नाक पुसलं.

"कुठे ठेवता?" बांगने विचारलं.

तिने कोपरा दाखवला. त्याने हातपंपाने त्या बाजूच्या नळीत हवा सोडली, आडवा झाला आणि फरशीला कान लावला. बराच वेळ तो तसाच पडून होता.

"गळतेय," तो म्हणाला. "पण थोडी. बाकीच्या नळ्या बंद करतो. गाडीत कुणाकडचा तरी काढलेला बॉयलर आहे, तो जोडतो, सगळं पाणी या एकीतच सोडतो. पण हे काम नव्हे, काकू, ठिगळ आहे. आठवड्याभरात फुटेल, फरशीखाली पाणी होईल, तेव्हा मला बोल लावायचा नाही."

"आठवडा खूप झाला."

त्याने कोटेशन उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळींत तिसरा पर्याय लिहिला. रकमेची जागा तशीच सोडली. खाली एक रेघ ओढली. "हमी नाही हे मान्य आहे, अशी घरमालकाची सही लागते. घर कुणाच्या नावावर?"

"त्यांच्या."

"मग सही..."

"आले की करतील," माल्सुन म्हणाली.

बुन्ने आजीने वळून मिस्त्रीकडे पाहिलं. बांगने रेघेखाली तारीख घातली, कागद माल्सुनच्या हातात दिला आणि पिशवीतून पाना काढला. गुडघ्यांवर बसता बसता त्याने विचारलं,

"काका जेवतात किती वाजता?"