पांढरी टोपी

पशुपतिनाथाच्या दर्शनाला आलेले जानेफळचे उकंडराव आणि निनाजी काठमांडूत चहाला थांबले. दोघांचंही धोतर, सदरा, टोपी गावातल्यासारखंच पांढरं. चहावालीनं हळू आवाजात हिंदीत विचारलं, "घरात कोण गेलं?" इथं दुखवट्यातलं माणूस वर्षभर पांढरं घालतं म्हणे.

निनाजीला हसू आवरेना. शेजारच्या दुकानातून तो दोन रंगीत टोप्या घेऊन आला. "घाल बे उकंड्या, नाही तं वाटंनं सारेच इचारतीन."

उकंडरावांनी आपली पांढरी टोपी डोक्यावर घट्ट दाबली.

"इचारू दे. गावात तं रुखमाच्या तेरवीलेच तुमी मले दुसरी पोरगी सुचवून राह्यले होते."

मग ते चहावालीकडे वळले. "मेरी घरवाली गई, बहन."