नवव्या परिच्छेदातलं नाव

व्हर्ना कॉम्ब्जने दोन्ही माहितीपत्रकं टेबलावर आपटली. एक इथल्याच कॉलेजचं, दोन वर्षांचं. दुसरं साठ मैलांवरच्या विद्यापीठाचं, चार वर्षांचं. दोन्हीकडे पॅरालीगलचीच, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाची पदवी.

"प्रवेशाचं पत्र उद्या ऑफिसात दाखवलं नाही, तर माझ्या खुर्चीवर चोवीस वर्षांची पोरगी बसणार," ती म्हणाली. "बावीस वर्षं वकिलाचे कागद मी लिहितेय. तो नुसती सही ठोकतो. पदवीत त्या कामाचे क्रेडिट किती देणार?"

"अनुभवाला क्रेडिट नसतात, मॅडम," प्रवेश खिडकीवरचा ब्रेडी म्हणाला. "पण इथंच घ्या की. दर मंगळवारी खुद्द हार्गिस वकील शिकवतात."

"मी त्याच्याचकडे कामाला आहे. पदवीचा फतवा त्यानेच काढलाय."

"मग तर दुधात साखर!"

दिवसभर ज्याचं तोंड बघायचं, त्याच्याच पुढ्यात संध्याकाळी वही उघडून बसायचं? त्यापेक्षा घाटातले साठ मैल परवडले. व्हर्नाने विद्यापीठाचं पत्रक उचललं.

गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर ब्रेडीने घाईघाईने खणातून कागदांचा गठ्ठा काढला. "हे तरी बघा. घर खाली करायच्या दाव्यात भाडेकरूची कैफियत. सरांनी स्वतः लिहिलेला नमुना आहे. सहा वर्षं मुलं हाच गिरवतात. दुसऱ्या वर्षी तुम्हालाही असं लिहिता येईल."

पहिल्याच ओळीला व्हर्नाने कागद ओळखला. रूबी नेपियरची कैफियत. रूबी आणि तिची तीन पोरं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून व्हर्नाने ती दोन दिवस जेवणाची सुट्टी न घेता लिहिली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा असतात जगात, पण हा नागोबा बीळ कसं खणावं याचे वर्ग घेत होता.

तिने पानं उलटली. नववा परिच्छेद. होतंच तिथं.

"सगळीकडे रूबी नेपियर, आणि इथंच मधे ओपल स्टिडम. ही कोण?"

"मुलंही हेच विचारतात!" ब्रेडी खुलला. "ती जुनी वकिली पद्धत आहे म्हणे. नवव्या परिच्छेदात हे नाव घालावंच लागतं. जो विसरेल, त्याचे सर दोन मार्क कापतात."

व्हर्ना हसली. ते हसू बघून ब्रेडीने खुर्ची जरा मागे घेतली.

"इथलाच फॉर्म दे," ती म्हणाली.

तिने उभ्याउभ्याच तो भरला. नाव, पत्ता, फोन. शेवटच्या रकान्यापाशी पेन इतकं दाबलं की कागद फाटायचाच बाकी राहिला. मग फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

ब्रेडी वाचत खाली आला. 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावं: ओपल स्टिडम. नातं: आई.'

त्याने कैफियतीकडे बघितलं. पुन्हा फॉर्मकडे बघितलं.

"कोऱ्या नमुन्यात नावाच्या जागी मी आईचं नाव घालते," व्हर्ना म्हणाली. "त्या दिवशी एका ठिकाणी बदलायचं राहिलं."

"मॅडम, हे... सरांना..."

"पत्र छाप. मंगळवारचाच वर्ग दे. आणि बाक पहिला."