साहेब निघेपर्यंत

"अजून नाही?" फोनवर हात ठेवून रक्त पाठवण्याचं काम पाहणाऱ्या ओनोदेराने विचारलं.

संगणक सांभाळणाऱ्या कुसाका मिहोने नकारार्थी मान हलवली. रक्तपेढीचा सर्व्हर दुपारपासून धापा टाकत होता आणि संध्याकाळी त्याने दारच लावून घेतलं. नवं कनेक्शन मागितलं की एकच उत्तर: जागा नाही. डोंगरापलीकडच्या इस्पितळात एक बाळंतीण रक्तस्रावाने खचत चालली होती. तिचा गट ओ निगेटिव्ह, या देशात शोधून सापडायचा नाही असा. पिशव्या इथेच, तळघरातल्या शीतगृहात होत्या. पण कुठल्या पिशवीची तपासणी पूर्ण झाली ते फक्त सर्व्हरला ठाऊक, आणि त्याने चिठ्ठी छापून दिल्याशिवाय पिशवी हलवायची नाही असा नियम. नियम मोडायचा विचार इमारतीत कुणाच्या मनालाही शिवला नाही. तसली ती माणसंच नव्हती.

ओनोदेराने फोन ठेवला. "बाळ सुखरूप आहे. आईचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, रक्त कधी पाठवता? गाडी खाली उभी आहे. कुसाकाबाई, काहीतरी करा हो."

"करतेच आहे. आधी तुम्ही माझ्या मानेवर उसासे सोडू नका."

तिने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मेमरी पाहिली, डिस्क पाहिली. ज्या अवजड अहवालाने दुपारी सगळं मंदावलं तो केव्हाच संपला होता. शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. उठला तेव्हा अगदी टुणटुणीत होता, आणि चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात पुन्हा गच्च. एकेक कनेक्शन तोडून पाहिलं, तर एक तोडलं की वरच्या मजल्यावरून दुसरं येऊन बसायचं. आणि त्यातलं एकही धड काम करत नव्हतं. नुसती जागा अडवून बसलेली, रोजच्या दुप्पट.

ती बाई मेली तर ती आपल्यामुळे, हे कुसाकाच्या डोक्यातून जाईना.

"दुप्पट कशी?" ती स्वतःशीच म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

वर पाहते तो दिवसपाळी घरी गेलीच नव्हती. सगळे आपापल्या टेबलाशी होते, आणि संध्याकाळची पाळी त्यांच्याच कोपराशी लॅपटॉप उघडून दाटीवाटीने बसली होती. सुरू झालं का, सुरू झालं का, म्हणून जो तो तीच कळ दाबत होता. खिडकीपाशी विभागप्रमुख तातेमात्सुसाहेब ताठ बसले होते, घडी केलेला कोट मांडीवर. ते रोजच्या वेळेला निघाले होते, पण सर्व्हर अडल्याचं कळलं आणि दारातून परत येऊन खुर्चीत बसले. आता साहेब बसलेले असताना दिवसपाळी उठणार कशी? आणि बसायचं तर समोरचा स्क्रीन बंद ठेवून कसं चालेल? सगळे जिवापाड कर्तव्य करत होते, आणि सगळ्यांनी मिळून सर्व्हरचा गळा आवळला होता.

ती साहेबांसमोर वाकली.

"साहेब, कारण सापडलं. आज इथे... माणसं फार आहेत. स्क्रीन फार उघडे आहेत."

साहेबांना एवढं पुरलं. "दिवसपाळीने स्क्रीन बंद करून निघावं," ते म्हणाले.

"हो साहेब!" सगळे एका सुरात म्हणाले. कुणी उठलं नाही. एकाने स्क्रीन बंद केला, शेजारच्याकडे पाहिलं आणि हळूच पुन्हा उघडला.

कुसाका आणखी खाली वाकली. साहेबाला घरी जा म्हणणारं त्या कचेरीत आजवर कुणी जन्मलं नव्हतं.

"आज आपल्याला फार उशीर झाला, साहेब."

"माझी काळजी करू नका. सर्व्हर सुरू झाल्याशिवाय मी हलणार नाही."

"आपण हलल्याशिवाय तो सुरू व्हायचा नाही."

कळांचा आवाज थांबला. तातेमात्सुसाहेबांनी पहिल्यांदाच खोलीभर नजर फिरवली, टेबलामागून टेबल. त्यांचे कान लाल झाले. मग ते उठले, कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि निघतानाचे ठरलेले शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे म्हणाले, "तुमच्या आधी निघतो. माफी असावी."

"दमलात, साहेब!" सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे निरोप दिला.

त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग कोपऱ्यातली एक म्हातारी कारकून उठली. "तुमच्या आधी निघते." तिच्यामागे दुसरा, मग तिसरा. एकामागून एक स्क्रीन काळे झाले.

खालून ओनोदेराची आरोळी आली. "निघाली! चिठ्ठी निघाली!"

पिशव्यांची पेटी कुसाकाने स्वतः गाडीपर्यंत नेली. ओनोदेराच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती. बर्फ भुरभुरत होतं. दार आपटून गाडी निघाली आणि तिच्या लाल दिव्याच्या उजेडात, कुंपणाच्या भिंतीआड, नाणं टाकलं की कॉफी-सूपचे डबे देणाऱ्या यंत्राजवळ कुणीतरी उभं दिसलं. खांद्यांवर बर्फ साचलेलं, हातात न उघडलेला गरम सूपचा डबा. गाडी समोरून गेली तसा तो माणूस कमरेतून वाकला, आणि ती वळणाआड जाईपर्यंत वाकलेलाच राहिला.

"साहेब! तुम्ही अजून इथेच?"

तातेमात्सुसाहेबांनी घाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. वर कळलं तर सगळे परत येऊन बसतील."