जोडीदार हवा

"नाही हो ताई, त्याची उद्या क्लासमध्ये टेस्ट आहे," फोनवर पलीकडून एका मुलाच्या आईचं उत्तर आलं. टेस्ट कसली! रविवारी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीनं त्याला टेनिसमध्ये सहा-शून्य हरवलं होतं. तिच्याकडून हरलेली मुलं पुन्हा सरावाला फिरकायचीच नाहीत. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती आणि मी फोन करकरून थकले होते.

शेवटी क्लबातले एक निवृत्त बँक मॅनेजर तयार झाले. गुडघ्याला पट्टा बांधून कोर्टावर उतरले. हेही उद्या येणार नाहीत, असं मनाशी धरूनच मी बाकावर बसले.

पण आज लेकीचे साधे फटकेसुद्धा जाळ्यात जात होते. काका घामानं निथळत होते, पण खुशीत. "अजून दम आहे बरं का म्हाताऱ्यात! उद्या सहालाच येतो," म्हणाले.

घरी निघताना मी विचारलं, "मुद्दाम हरलीस ना गं?"

तिनं रॅकेट पिशवीत सरकवली. "येतो म्हणाले ना उद्या? मग झालं तर."

तिला रागवायला हवं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला. आज कुणाला विचारायचं नव्हतं.