जुन्या बायकांचं माप

कोंबडीचे पाय बांधलेले होते, तरी ओविदिओच्या टेबलावरचे कागद तिने पंख फडफडवून खाली पाडलेच.

"अहो कासिल्दामावशी, हे हॉस्पिटल आहे," ओविदिओ म्हणाला. "डॉक्टरांनी पाहिलं तर तुमच्याआधी मलाच झोपवतील त्या यंत्राखाली."

"पाहू दे की. ओलांचोहून, आमच्या गावाहून, बसने आलीय ती, नवऱ्याच्या मांडीवर बसून. आता परत जायची नाही."

कासिल्दामावशी साठीच्या. डाव्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली म्हणून दीड महिन्यापासून चर्चच्या धर्मशाळेत राहून त्या कोबाल्टच्या किरणांचे शेक घेत होत्या. गेले काही दिवस त्या डावा हात अंगापासून लांब धरून चालत. आज छातीवर केळीचं पान ठेवून वरून नवऱ्याचा सैल शर्ट घातला होता.

ओविदिओला हे यंत्र चालवता चालवता अकरा वर्षं झाली होती. कोबाल्टची खोड त्याला बायकोच्या खोडीपेक्षा चांगली ठाऊक होती. तो बसल्या जागी झिजतो. महिन्याला शंभरातला एक भाग जोर कमी होतो, सव्वापाच वर्षांत निम्माच उरतो. म्हणून दर पहिल्या तारखेला ओविदिओ प्रत्येक रोग्याच्या कार्डावर लाल शाईने वेळ थोडा वाढवून लिही. जुना कोबाल्ट तर पारच थकला होता. तीन आठवड्यांपूर्वी परदेशी इंजिनिअरांनी येऊन तो काढला आणि यंत्राच्या शिशाच्या डोक्यात नवा बसवला, दुपटीहून जास्त जोराचा. राजधानीच्या तज्ज्ञाने मोजमाप करून नवा तक्ता भिंतीवर लावला. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक नव्या रोग्याचा वेळ ओविदिओ त्या तक्त्यावरून काढी, तोही दोनदा पडताळून. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"कोंबडी कशाबद्दल, ते तरी सांगा," तो म्हणाला.

मावशींनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. मावशींनी आवाज उतरवला.

"आम्हा अकरा जुन्या बायकांकडून आहे. तुला वाटलं, आम्हाला काही कळत नाही? आत घड्याळ दिसत नसेल, पण हातात जपमाळ असते. वर खट् वाजलं की मी मरियेची प्रार्थना सुरू करते. पुन्हा खट् वाजेपर्यंत पंधरा होतात. सगळ्याच मोजतो आम्ही, आणि धर्मशाळेत गेल्यावर एकमेकींना सांगतो."

"बरं मग?"

"त्या नव्या आल्यात ना, त्यांच्या जेमतेम सहा होतात. नवा कोबाल्ट जोराचा आहे, म्हणून वेळ निम्म्यावर आला, असं तूच सांगितलंस त्यांना. पण आम्हा जुन्यांचं माप तू कापलं नाहीस रे! आधीही पंधरा, आताही पंधरा. जोराचा कोबाल्ट, आणि वर पूर्ण पंधरा. आपलं माणूस म्हणतात ते याला."

ओविदिओ हसायला गेला आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

त्याने पेटीतून मावशींचं कार्ड काढलं. लाल शाईत, त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: तीन मिनिटं, चाळीस सेकंद. ही नोंद नवा कोबाल्ट येण्याआधीची होती. नव्यांसाठी तो भिंतीकडे बघत होता. जुन्यांची कार्डं तयारच होती, त्यामुळे त्यांचा वेळ तो रोज कार्डावरून वाचत होता. त्या नोंदीखाली नवा कोबाल्ट आल्यानंतरच्या चौदा तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे त्याची बरोबरची खूण.

त्याने दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं. सगळी अकरा टेबलावर पसरली. सगळीकडे तीच लाल शाई, जुन्या कोबाल्टचाच वेळ.

मावशींचं बोलणं चालूच होतं. "आमच्यातल्या प्रुदेन्सियाला दोन दिवस घोटभर पाणी गिळवत नाही. रडत होती. मी म्हटलं, अगं सोस जरा, औषध लागू पडतंय. नव्या बायकांना काहीसुद्धा होत नाही, बिचाऱ्यांना."

ओविदिओने यंत्राची किल्ली काढून खिशात टाकली.

"आज शेक नाही, मावशी. तुम्हाला नाही, कुणालाच नाही. मला डॉक्टरांकडे जायचंय."

मावशींचा चेहरा उतरला. "मी बोलले म्हणून ना?"

"नाही हो. माझ्या हातून..."

"मी कुणाला सांगितलं नाही रे. मरियेची शपथ. त्या नव्यांना तर चकार शब्द नाही. तुझी नोकरी जाईल एवढं कळतं आम्हाला. कापायचंच असेल तर माझं काप, बाकी दहा जणींचं नको."

"मावशी, ऐका माझं. तो वेळ चुकला होता. तुम्हाला फार जास्त..."

"तेच तर म्हणतेय मी! जास्त दिलंस, म्हणून तर ही कोंबडी."

तो टेबलावरची कार्डं गोळा करू लागला. आता याची समजूत आपण कशी काढणार, असा विचार करत मावशींनी उजव्या हाताने शर्टची बटणं सोडली. केळीचं पान एका टोकाला धरून हळूहळू उचललं. पानाबरोबर कातडीही निघून आली.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "इतकं छान लागू पडतंय, आणि तू मध्येच थांबवतोस?"