चित्र येतंय का?

इशेनचं डोकं दुसऱ्यांदा भिंतीवर आदळलं, तेव्हा तालाय शिडीवर उभा राहून कॅमेऱ्याची तार डब्यात खोचत होता. भिंत हादरली. शिडीही हादरली. त्यानं खाली पाहिलं नाही.

"काय उस्ता, झालं का चालू?" कॅप्टन दोरोनबेकनं खालून विचारलं. कुठल्याही कारागिराला तो उस्ताच म्हणे. त्याला धाप लागली होती.

"नाही अजून."

"होऊ दे सावकाश. आमचंही काम चाललंय. उद्यापासून आहोतच आपण सगळे सिनेमात."

दोघे शिपाई हसले.

तुरुंगातल्या या शिक्षेच्या खोलीत गेल्या हिवाळ्यात एक कैदी मेला होता. इशेन तेव्हा शेजारच्या कोठडीत होता. भिंतीपलीकडून जे ऐकलं ते त्यानं वकिलाला सांगितलं, आणि त्यातूनच कॅमेऱ्याचा हुकूम निघाला. चित्र तुरुंगाच्या कचेरीत नाही, थेट गावात, चौकशी समितीच्या खोलीत दिसणार होतं. इथल्या कुणाला ते बंद करता येणार नव्हतं. म्हणून कॅप्टननं आजच इशेनला आणवलं होतं. 'मी खोटं बोललो' एवढंच त्याला इशेनच्या तोंडून हवं होतं. इशेन ते म्हणत नव्हता.

कॅमेऱ्यातून निघणारी तांब्याची तार फार लांब पोचत नाही, आणि गाव तर टेकडीपलीकडे. म्हणून दोन्ही टोकांना पंजाएवढा एकेक कन्व्हर्टर बसवायचा होता. एका अंगानं तांबं आत, दुसऱ्या अंगानं केसासारखी काचेची तार बाहेर. हे टोक तालायकडे, गावातलं टोक त्याचा थोरला जोडीदार सापारआके याच्याकडे; आके म्हणजे थोरला भाऊ. तालायनं डब्याच्या पोटातल्या बारीक कळा हव्या तशा सरकवल्या, काचेच्या तारेचं टोक पुसलं आणि खटकन बसवलं. डब्यावरचा कॅमेऱ्याचा दिवा हिरवा लुकलुकू लागला. काचेच्या तारेचा दिवा विझलेलाच होता. सापारआके आपल्याकडचा डबा सुरू करीपर्यंत तो लागणार नव्हता.

खाली एका शिपायानं पाण्यानं गच्च भरलेली प्लास्टिकची बाटली आणली. तिचा वळ उठत नाही. पहिला फटका इशेनच्या कमरेवर बसला, दुसरा मानेवर. तो ओरडला नाही. पिठाचं पोतं जमिनीवर टाकावं तसा नुसता आवाज झाला. मग तो गुडघ्यांवर आला आणि रक्त ओकला. कॅप्टननं त्याच्या पंजावर बूट ठेवला आणि सगळा भार त्यावर टाकला. बोटं काटकीसारखी मोडली.

"म्हण, खोटं बोललो."

इशेननं मान हलवली. नाही.

"उस्ता, अजून नाही ना?"

शिडीवरून उतरावं, हत्यारांची पेटी उचलावी आणि निघून जावं, एवढंच तालायच्या मनात होतं. घरी बायको होती, दोन मुली होत्या. पण कॅप्टन प्रत्येक वेळी आपल्याला का विचारतोय, हे आता त्याला कळलं. आपण 'नाही अजून' म्हणतो, आणि बाटली पुन्हा उचलली जाते.

"झालं," तो म्हणाला. "चालू झालं. चित्र जातंय."

शिडीला लाथ बसली. तालाय खांद्यावर आदळला. कॅप्टननं त्याला कॉलर धरून उठवलं आणि दोनदा तोंडात मारली.

"मला शेंडी लावतोस? लाव फोन गावात. स्पीकरवर. खोटं निघालं तर याच्याशेजारी तुलाही लोळवतो."

तालायच्या ओठातून रक्त फोनवर टपकत होतं. पलीकडे सापारआकेनं फोन उचलला.

"आके, चित्र येतंय ना?"

सापारआके बडबड्या माणूस. फोन उचलला की आधी थंडीला चार शिव्या, मग कामाचं बोलणं. आज तो बोललाच नाही. खोलीत फक्त इशेनचं कण्हणं होतं, आणि तेवढंच फोनमधून पलीकडे जात होतं.

"येतंय," सापारआके म्हणाला.

"काय दिसतंय रे म्हाताऱ्या?" कॅप्टन ओरडला.

"तुम्ही दिसताय, कॅप्टनसाहेब." आवाज अगदी थंड होता. "त्या शिपायाला बाटली खाली ठेवायला सांगा आधी. इथे सगळे खुर्च्या सोडून उभे राहिलेत."

शिपायाच्या हातातून बाटली निसटली आणि गडगडत कोपऱ्यात गेली. कॅप्टननं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला.

"डॉक्टरला बोलवा," तो पुटपुटला आणि बाहेर पडला. शिपाई त्याच्यामागे पळाले.

स्ट्रेचरवर घेताना इशेननं मोडका पंजा छातीशी धरला होता. "खरंच बघतायत?" त्यानं विचारलं.

"बघतायत," तालाय म्हणाला.

खोली रिकामी झाल्यावर तो शिडी सरळ करून वर चढला. काचेच्या तारेचा दिवा तसाच विझलेला होता. त्यानं पुन्हा फोन लावला.

"आके, तुमच्याकडचा डबा लागला का?"

"डबा अजून खोक्यातच आहे. समितीची माणसं जेवायला गेलीत. मी एकटाच बसलोय."

"मग बाटली कशी दिसली तुम्हाला?"

सापारआकेनं आवाज खाली आणला.

"त्या खोलीत मी एक हिवाळा काढलाय, तालाय. तेव्हाही बाटलीच असायची. फोन करणारं मात्र कुणी नव्हतं."